ज्वारी, कापूस आणि साखर तोडणारीं विकरें

वऱ्हाडास सोन्याची कुऱ्हाड म्हणण्याचा प्रघात जुना आहे. अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनींत आणखीहि एक कुऱ्हाड चालत असते. परंतु ती डोळ्यांस दिसत नाहीं. ती म्हणजे साखरेच्या सांखळ्या तोडणारीं विकरें. विकर म्हणजे सजीवांच्या पेशींत तयार होणारा, स्वत: न खर्चतां रासायनिक क्रिया वेगानें घडविणारा पदार्थ.

ज्वारीनें पोट भरतें, कापसानें अंग झांकतें. पण रसायनशास्त्रज्ञास दोहोंत एकच साखर आढळते. दाण्यांतील पिष्ट आणि तंतूंतील सेल्युलोज या दोन्ही ग्लुकोजच्या मण्यांच्याच माळा होत. भेद आहे तो मणी जोडणाऱ्या गांठीचा. भाकरीचा घास सावकाश चावला असतां गोड लागूं लागतो, कारण लाळेंतील अमायलेज हें विकर पिष्टाची गांठ तोडतें. सेल्युलोजची गांठ तोडणारें विकर मनुष्यदेह तयार करीत नाहीं. गुरें कडबा पचवितात, तींहि पोटांतील सूक्ष्म जंतूंच्या बळावर.

१८३३ सालीं पायेन व पेर्सोझ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं मोड आलेल्या सातूपासून पिष्ट तोडणारें द्रव्य वेगळें काढलें. पुढें कापडधंद्यानें त्या ज्ञानाचा उपयोग केला. विणण्यापूर्वीं सुतास पिष्टाची खळ देतात. रंगविण्यापूर्वीं ती काढावी लागते. अम्लानें खळ जाते, पण सूतहि कमजोर होण्याचें भय असतें. अमायलेज मात्र खळ तोडतें आणि कापसास धक्का लावीत नाहीं.

कापसाची गांठ तोडणाऱ्या बुरशीचा शोध युद्धानें लावला. दुसऱ्या महायुद्धांत सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजूं लागले. त्यांवरील बुरशीस पुढें एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या नांवावरून ट्रायकोडर्मा रीसी म्हणूं लागले. आज कारखाने तिच्याचपासून सेल्युलेज विकरें मिळवितात. तिची भावंडें वऱ्हाडी शेतकऱ्याच्या परिचयाचीं आहेत. हरभऱ्यास मर लागूं नये म्हणून तो बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळतो. ही बुरशी रोगट बुरशीच्या भिंतींतील कायटिन नांवाची शर्करा-सांखळी तोडते.

आतां प्रश्न उरतो पऱ्हाट्यांचा. वेचणी संपल्यावर त्या चुलींत जातात, नाहींतर शेतांतच पेटविल्या जातात. बांधावर रचून ठेवल्या तर गुलाबी बोंडअळीस आश्रय मिळतो. २०१७ सालीं त्या अळीनें विदर्भांत केलेला नाश विसरण्यासारखा नाहीं. या काड्यांत सेल्युलोज आहे, म्हणजे साखर आहे, आणि साखरेपासून इथेनॉल होतें. पानिपत येथें भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचें उद्घाटन १० ऑगस्ट २०२२ रोजीं झालें. मात्र पऱ्हाटी कठीण; तिच्यांतील लिग्निन विकरांस वाट देत नाहीं. तें आधीं उष्णतेनें वा रसायनांनीं सैल करावें लागतें, आणि त्याचा खर्च मोठा असतो. शिवाय सर्वच काडी-कचरा उचलून नेला तर जमिनीस सेंद्रिय अन्न कोठून मिळावें?

हा हिशेब अकोल्याच्या कृषि विद्यापीठासारख्या संस्थांनीं शेतकऱ्यापुढें स्पष्ट मांडला पाहिजे. वऱ्हाडचा कापूस गांठी बांधून दूरच्या गिरण्यांकडे गेला आणि कापडाचा नफा तिकडेच राहिला. पऱ्हाटींतील साखरेचीहि तीच गत होऊं द्यावयाची नसेल, तर ती तोडणारी कुऱ्हाड वऱ्हाडच्याच हातीं असली पाहिजे.