नाट्यगृहाची पायरी



समाजकार्याची पदवी घेतल्यापासून मी अपंग स्त्रियांबरोबर काम करते आहे. त्यांच्याशी पेन्शन, रेशनकार्ड, शिलाई मशीन याबद्दल सगळे बोलतात. 'नाटकाला येतेस का?' असं मात्र कुणी विचारत नाही. जणू करमणूक ही धडधाकट माणसांचीच गरज!

आमच्या गटातल्या एकीला नाटकाचं वेड. ती चाकाच्या खुर्चीवर असते आणि नाट्यगृहाला पाच पायऱ्या. 'चार जण उचलतील की,' व्यवस्थापक म्हणतात. पण बाईला अनोळखी पुरुषांनी उचलायचं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आत गेलीच, तर स्वच्छतागृहाचं दार अरुंद. म्हणून सकाळपासून पाणी प्यायचं नाही. शेवटी ती घरीच बसते आणि लोक म्हणतात, 'अपंग बायका येतच नाहीत, सोयी कुणासाठी करायच्या?'

हे तिचं नशीब नाही, इमारतीचा आराखडा आहे. आणि आराखडा बदलता येतो. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. अडीच फुटांच्या जोत्याला तीस फूट. दार तीन फुटी, खुर्ची वळवायला आत पाच फूट जागा. बसायची जागा सोबतिणीच्या शेजारी, कोपऱ्यात एकटी नव्हे. आणि एक उतार रंगमंचावर जाणाराही हवा. अपंग बाई फक्त प्रेक्षक असते, असं कुणी ठरवलं?

पहिला कायदा १९९५ चा. २०१६ च्या कायद्याने सांस्कृतिक जीवनातला सहभाग हा हक्क मानला. कलम ४४ प्रमाणे सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला परवानगीच देता येत नाही. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम झाल्यापासून पाच वर्षं दिली. नियम २०१७ साली झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात बजावलं, की नुसत्या शिफारशी पुरेशा नाहीत, बंधनकारक किमान नियम करा.

तेव्हा गावातल्या नाट्यगृहाच्या नूतनीकरणाचा विषय निघाला, की संगमरवर बसण्याआधी नगरपालिकेत जाऊन नकाशा मागा. बरोबर मोजपट्टी न्या, आणि अपंग मैत्रिणीलाही न्या. कुठे अडतं, ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आणि हो, नगरपालिकेलाही पायऱ्या असतील, तर अर्जातलं पहिलं कलम तेच!