वाढलेल्या भावात गावाचा वाटा

आपल्या मुळशी तालुक्यात जमिनीचा भाव मातीच्या कसावर ठरायचे दिवस केव्हाच गेले. आता तो नकाशावरच्या रंगावर ठरतो. भातखाचर हिरव्या, म्हणजे शेतीच्या पट्ट्यात आहे तोवर त्याचा एक भाव. तेच पिवळ्या, म्हणजे निवासी पट्ट्यात गेलं, 'आर झोन'चा दाखला हाती आला, की गुंठ्याचा भाव कित्येक पटींनी चढतो. मधल्या काळात मालकाने तिथे काहीही केलेलं नसतं. सरकारने एक रेघ हलवलेली असते, रस्ता आखलेला असतो आणि त्या रस्त्याचा खर्च सगळ्यांच्या करातून व्हायचा असतो. म्हणून माझी मागणी अशी, की या वाढीतला निम्मा वाटा वसूल व्हावा आणि तो ज्या गावात वाढ झाली त्याच गावावर खर्च व्हावा.

हिंजवडीचं पाहा. औद्योगिक विकास महामंडळाने आयटी पार्कसाठी जमिनी घेतल्या. ज्यांची शेतं हद्दीच्या आत आली त्यांना संपादनाचा मोबदला मिळाला. बांधापलीकडची शेतं सुटली आणि पार्क उभं राहत गेलं तसे त्यांचे भाव वाढत गेले. एकाने जमीन दिली म्हणून शेजाऱ्याच्या जमिनीचं सोनं झालं. ते सोनंही शेजाऱ्याच्या घरात राहिलंच असं नाही. पट्टा बदलणार याची कुणकुण शेतकऱ्याला सगळ्यांत शेवटी लागते. तोवर त्याच्याकडून साठेखत नि कुलमुखत्यारपत्र करून घेतलेलं असतं. खरी कमाई मधल्यामध्ये होते, आणि गावाच्या वाट्याला टँकर, कचरा आणि वाहतुकीची कोंडी येते.

या तालुक्याने हे शंभर वर्षांपूर्वीही भोगलं आहे. १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी मुळशीचा सत्याग्रह उभा केला, तेव्हा टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या कितीतरी जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. कसणाऱ्या मावळ्याला जमीन हवी होती, सावकाराला मोबदला. धरण झालं, वीज मुंबईला गेली.

वाढीत वाटा मागणं हे काही परक्या देशातून आणलेलं खूळ नव्हे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातच सुधारणा-आकाराची तरतूद होती. आजच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातही नगररचना योजनेमुळे भूखंडाची जी किंमत वाढते, तिच्या निम्म्यापर्यंत अंशदान घेता येतं. म्हाळुंगे-माण योजनेत हेच तत्त्व जमिनीच्या रूपाने आलं आहे: मालकाला निम्मी जमीन विकसित भूखंड म्हणून परत, उरलेल्यात रस्ते आणि सुविधा. पण योजना नसलेल्या गावात नुसता पट्टा बदलला, तर? तिथे १९९२ पासूनचा विकास आकार आहे. तो बांधकाम परवानगीच्या वेळी बिल्डर भरतो, आणि त्याचे दर रेडी रेकनरच्या मोजक्या टक्क्यांत असतात. त्याआधी जमीन दोन-तीन हातांतून फिरून भाव चढलेला असतो. त्या चढावाला हा आकार शिवतही नाही.

आता दुसरी बाजू बघा. नव्या शर्तीची वतनाची जमीन बिगरशेतीसाठी विकायची तर वतनदाराकडून बाजारभावाच्या निम्मा नजराणा मागण्याची सरकारची रीत वर्षानुवर्षांची आहे. ती जमीन शर्तीवर दिलेली होती, हे मान्य. पण ज्याच्या पदरात कमी, त्याच्याकडे निम्मं मागताना सरकारचा हात थरथरला नाही, आणि रंग बदलून कोट्यवधी मिळवणाऱ्यापुढे तोच हात आखडतो. हा अन्याय आहे, आणि तो मला सहन होत नाही.

शेतकरी विचारेल, 'मी जमीन विकलीच नाही, तर पैसे कुठून भरू?' रास्त प्रश्न आहे. त्याने कसत राहावं. एक पैसाही भरू नये. पट्टा बदलला त्या दिवशी वाढीचं मूल्यांकन करून तेवढा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवावा, आणि जमीन विकली जाईल किंवा तिच्यावर बांधकाम परवानगी मागितली जाईल तेव्हाच तो वसूल करावा. कोलंबिया देशात १९९७ च्या कायद्याने साधारण अशीच सोय आहे. तिथे वाढीच्या ३० ते ५० टक्के सरकार घेतं. ब्रिटनने १९४७ साली पूर्ण शंभर टक्के मागितले. मालकांना जमीन विकण्यात रस उरला नाही आणि १९५३ मध्ये तो आकार रद्द करावा लागला. म्हणून मी निम्मं म्हणतो.

हे आत्ताच बोलायचं कारण आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हजारो हरकती आल्या, आणि २०२५ मध्ये सरकारने तो रद्द केला. पण शहर थांबणार नाही, तेव्हा आराखडा पुन्हा होणार आणि रेघा पुन्हा हलणार. त्याआधीच्या पाच वर्षांतले खरेदीखतांचे आणि साठेखतांचे व्यवहार गावनिहाय जाहीर करा, अशी मागणी आपण केली पाहिजे, म्हणजे कुणकुण कोणाला लागली होती ते उघड होईल. तुमच्या ग्रामसभेत येत्या बैठकीला हे दोन ठराव मांडा: व्यवहारांची यादी जाहीर व्हावी, आणि वाढीचा निम्मा वाटा गावाच्या पाण्याला, सांडपाण्याला, रस्त्याला मिळावा. ठरावाची प्रत तहसीलदारांना द्या, पोच घ्या, आणि नवा नकाशा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा तीच प्रत हरकतीला जोडा.