मुरब्बा म्हणजे चौरस

(शहादा येथील अभ्यासवर्गात विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत उर्दू माध्यमात होतो, आठवीला मराठी शाळेत आलो. भूमितीच्या पहिल्याच तासाला मी चौरसाला मुरब्बा म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला. त्यांना आवळ्याचा मुरंबा आठवला. त्रिकोण मला येत होता, पण मुसल्लस या नावानं. त्या दिवसापासून मी तोंड मिटून गाईड उतरवू लागलो. मार्क पडले, गणित आलं नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी गणितात केटी लागली तेव्हा ते कळलं.

गेल्या रविवारी इथं दहावीची एक मुलगी वही घेऊन आली. गणित होतं, क्ष² + १०क्ष = ३९. खाली एकच ओळ: क्ष = ३. मी विचारलं, कसं आलं? म्हणाली, "भाई, तीन घालून बघितलं. नऊ आणि तीस, एकोणचाळीस. जुळलं."

जुळलं हे खरं. पण भूमितीत तुम्ही विधान आणि त्याचा व्यत्यास शिकता ना? चौरस असेल तर तो आयत असतो; आयत असेल तर तो चौरस असतोच असं नाही. तसंच इथं. क्ष ३ असेल तर समीकरण जुळतं. समीकरण जुळतं म्हणून क्ष ३च, हे अजून सिद्ध व्हायचंय. −१३ घालून बघा: १६९ वजा १३०. पुन्हा ३९!

हे गणित बाराशे वर्षं जुनं आहे. बगदादच्या अल-ख्वारिज्मीच्या पुस्तकात हेच आकडे आहेत. त्या पुस्तकाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून अल्जिब्रा हा शब्द आला, आणि त्याच्या नावावरून अल्गोरिदम, ज्यावर माझं पोट चालतं. त्यानं चित्र काढलं. क्ष बाजूचा एक मुरब्बा. १०क्ष चे दोन सारखे आयत, प्रत्येकाची रुंदी ५, मुरब्ब्याच्या दोन लगतच्या बाजूंना चिकटवलेले. सगळं मिळून ३९. आता एक कोपरा रिकामा राहतो, ५ गुणिले ५, म्हणजे २५. तो भरला की मोठा मुरब्बा पुरा होतो: ३९ + २५ = ६४. त्याची बाजू ८, म्हणून क्ष = ३. तुमच्या पुस्तकातली पूर्ण वर्ग पद्धत ती हीच.

तो ३ वर थांबला, कारण बाजूची लांबी ऋण नसते. धन संख्येला दोन वर्गमुळं असतात, एक धन आणि एक ऋण, हे भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त आहे. त्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, आपल्याच खानदेशात. आणि त्यांची 'लीलावती' अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये फारसीत नेली. हे कुणाचं गणित, असं विचारणाऱ्याला एवढं सांगितलं तरी पुरे.

व्यत्यासाकडे परत येतो. पुण्यात मला एका घरमालकानं घर नाकारलं. आधीच्या भाडेकऱ्यानं भाडं बुडवलं, तो मुसलमान होता, म्हणून. एका माणसावरून सगळ्यांचा हिशेब. मला राग आला. पण आपल्या घरांत काय ऐकतो? अमक्याची मुलगी शिकली आणि उलट बोलायला लागली, तेव्हा आपलीला दहावी बस. हीही तीच चूक आहे, फक्त ती आपण करतो. पायरी दाखवा म्हटलं की घरमालक गप्प होतो, आपणही होतो.

त्या मुलीनं चित्र पुरं केलं आणि मला अडवलं: "भाई, −१३ बाजूचा मुरब्बा काढायचा कसा?" काढता येत नाही. चित्र तिथं थांबतं. बीजगणित पुढं जातं: (क्ष + ५)² = ६४, म्हणून क्ष + ५ एकतर ८, नाहीतर −८. हे तिनं स्वतः लिहिलं, प्रत्येक ओळीपुढं कंसात कारण देऊन. एका ओळीचं कारण तिला सुचेना, तिथं ती दहा मिनिटं बसून राहिली. मी सांगितलं नाही, याचा मला आनंद आहे.

तिचे वडील आज मागच्या रांगेत बसलेत. फळ्यावर नवं गणित आहे, क्ष² + ६क्ष = १६. खडू मी तिच्याकडे देतो.