घराबाहेरची ओल कुठली?

जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही; पैठणच्या जायकवाडी धरणाचं आणि घाणेवाडी तलावाचं पाणी पाळीनेच मिळतं. म्हणूनच घराबाहेर अचानक ओल दिसली, की आधी पाणी सुटण्याचा दिवस आठवावा.

ओल त्याच दिवशी वाढते? मग संशय नळाच्या लाइनवर. रोज सारखीच असेल, तर हौद नाहीतर सांडपाण्याचा पाइप. रात्री हौदात पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ मारावी, वापर बंद ठेवावा. सकाळी पाणी रेघेखाली उतरलेलं दिसलं, तर गळती तिथेच.

साचलेल्या पाण्यात ऑर्थोटोलिडिन या क्लोरीन दाखवणाऱ्या द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर पाणी बहुधा नळाचं. रंग नाही आला तरी नळ निर्दोष ठरत नाही. मातीत झिरपताना क्लोरीन संपतं.

इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. त्या ओढाताणीत पाइपांचे सांधे निखळतात आणि पुरवठा बंद असताना गटाराचं पाणी पाइपात शिरू शकतं. दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळूनच प्यावं.