कृष्णगिरीची टाकी

श्रोत्यांपैकी पुष्कळांनी मुंबईजवळच्या साष्टीतील कान्हेरीचा डोंगर शाळेच्या सहलीत पाहिला असेल. सहल बहुधा तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापर्यंत जाते, तेथील दोन भव्य बुद्धमूर्तींपाशी थबकते आणि परत फिरते. परंतु कान्हेरी म्हणजे नुसती शिल्पे नव्हेत. सुमारे हजार वर्षे नांदलेली भिक्षूंची ती वस्ती होती. शिलालेखांत तिचे नाव कृष्णगिरी असे येते.

डोंगरावर एवढी माणसे राहिली कशी, याचे उत्तर मूर्तींत नाही; ते पायांशी शोधावे लागते. शंभराहून अधिक लेण्यांपैकी पुष्कळांच्या दाराशी खडकात खोदलेले टाके आहे. जुन्या लेखांत त्यास ‘पोढी’ म्हटले आहे. माथ्यावरचे पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींनी या टाक्यांत उतरविले जाई. चार महिने कोसळणारा पाऊस उरलेल्या आठ महिन्यांस पुरवावयाचा, ही खरी कसोटी. कोकणातील पंचायत सदस्यास ती निराळी समजावून सांगावयास नको.

टाके खोदून काम संपत नाही. गाळ साचतो, पन्हळी बुजतात. वास्तू राखावी लागते, ही जाण नवव्या शतकातील दात्यांस होती. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष व त्याचे मांडलिक शिलाहार यांच्या काळचे तीन लेख येथे आहेत. शके ७६५ (इ. स. ८४३) च्या लेखात पूजा, डागडुजी, चीवरे आणि ग्रंथ यांसाठी दानाची वेगवेगळी वाटणी केलेली आहे. डागडुजीस स्वतंत्र रक्कम ठेवणारा दाता आजही विरळाच! शके ७७५ मध्ये गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या गोमिन् अविघ्नाकराने ध्यानासाठी निवास करविले आणि १०० द्रम्मांची अक्षयनीवी ठेवली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल न मोडता केवळ व्याज खर्चावयाचा ठेवा.

पुढे इ. स. १००९ व १०२१ मध्ये पारशी प्रवासी येथे आले आणि नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावे कोरून गेले. अकराव्या शतकातही या डोंगराची वाट परक्यांस ठाऊक होती, एवढे त्यावरून निश्चित.

शिक्षकांनी सहल शक्यतो श्रावणात न्यावी. पन्हळींतून पाणी टाक्यांकडे कसे उतरते, हे तेव्हाच मुलांस दाखविता येते. पायऱ्यांवर शेवाळ असते. तेवढे मात्र जपावे.