मोदकाचं टोक एकच असतं

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांचे पालक मला नेहमी विचारतात, "चित्रं काढणारी तयार सॉफ्टवेअर असताना पोरं त्रिकोणांचे आकडे का लिहीत बसतात?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आज मोदकावरून देतो. प्रसाद व्हायचा आहे, त्यामुळे आवरतं घेईन.

पडद्यावरचा प्रत्येक घनाकार बहुधा त्रिकोणांनी बनतो. समजा, बारा कळ्यांचा मोदक काढायचा आहे. वर एक टोक आणि खाली गोलात बारा बिंदू. टोकाला 0 क्रमांक द्या, खालच्यांना 1 ते 12. आता मोदकाची बाजू म्हणजे बारा त्रिकोण: 0-1-2, 0-2-3, असं करत शेवटी 0-12-1. बिंदूंची जागा एका यादीत, कोणते बिंदू जोडायचे ते दुसऱ्या यादीत. ठिपके जोडून चित्र पूर्ण करण्याचा मुलांचा खेळ असतो ना, तसंच. आपल्या मंडळातही सभासदाचा पत्ता एकाच वहीत असतो, समित्यांच्या याद्यांत नुसतं नाव. घर बदललं की खाडाखोड एकाच ठिकाणी!

क्रमांक न वापरता प्रत्येक त्रिकोणाचे तिन्ही कोपरे वेगळे लिहिले तर 36 बिंदू होतात आणि टोक बारा वेळा लिहावं लागतं. एका बिंदूला 12 बाइट धरले तर 432 बाइट. क्रमांकांच्या रीतीत 13 बिंदूंचे 156 आणि 36 क्रमांकांचे, प्रत्येकी 2 प्रमाणे, 72, एकूण 228. शिवाय ग्राफिक्स कार्डाने एका बिंदूचं गणित एकदा केलं की बऱ्याचदा तेच उत्तर शेजारच्या त्रिकोणालाही चालतं.

पण माझ्या मते जागेची बचत ही दुय्यम गोष्ट. टोक जरा वर उचलायचं ठरवलं आणि बारा प्रतींपैकी अकराच हलल्या, तर मोदक उकलतो! पडद्यावर ती बारीक फट कदाचित दिसणार नाही. त्रिमितीय छपाईत मात्र ती नडते, कारण आत कुठे आणि बाहेर कुठे हे यंत्राला कळेनासं होतं. छपाईसाठी सर्रास वापरली जाणारी एसटीएल फाइल नेमकी अशीच आहे: प्रत्येक त्रिकोण स्वतंत्र, 50 बाइटांचा, शेजाऱ्याची ओळख नाही. क्रमांक असले की तपासणी सोपी. बंद आकारात प्रत्येक कडा बरोबर दोन त्रिकोणांत यायला हवी. एकातच आली तर तिथे भोक आहे.

ही रीत जुनी आहे. 1975 साली युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी चहाची किटली कॉम्प्युटरवर उतरवली. ती त्रिकोणांची नव्हे, वक्र तुकड्यांची होती. तिच्या प्रचलित आकडेवारीत 306 बिंदू आणि 32 तुकडे आहेत, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे त्या बिंदूंचे 16 क्रमांक. गंमत अशी की मूळ किटलीला बूडच नव्हतं. ते नंतर बसवलं गेलं.

आता दिशा. 0-1-2 आणि 0-2-1 हे त्रिकोण कागदावर सारखेच, पण यंत्राला त्यावरूनच पुढची बाजू कळते. ओपनजीएलमध्ये सांगितलं नाही तर घड्याळाच्या उलट क्रम म्हणजे पुढची बाजू, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या नेमकं उलट. डायरेक्ट थ्रीडीमध्ये सरळ. मागची बाजू गाळायला सांगितली असेल तर उलटा लिहिलेला त्रिकोण गायबच होतो.

एक इशारा देतो, कारण पुस्तकी मुलं इथे हमखास अडतात. खोक्याला कोपरे आठ, म्हणून बिंदूही आठच पुरतील असं वाटतं. पण प्रकाश पडायचा तर पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे हेही बिंदूसोबत लिहावं लागतं. खोक्याच्या एका कोपऱ्यात तीन बाजू तीन दिशांना पाहतात. म्हणून तो कोपरा तीनदा, आणि एकूण बिंदू 24. आठच ठेवले तर धारदार खोका साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत दिसतो. कुठे एक बिंदू पुरे आणि कुठे तीन लागतात, हे तयार सॉफ्टवेअर बऱ्याचदा अंदाजाने ठरवतं. अंदाज चुकला तर दुरुस्त करायला आकडे लिहिलेलं पोरच लागतं.

मागच्या टेबलावर कागद ठेवले आहेत, त्यांवर 0 ते 12 ठिपके आहेत. बालमित्रांनी मोदकाला बूड बसवायचं आहे: मध्यभागी 13 क्रमांकाचा बिंदू घ्या आणि बारा त्रिकोण लिहा. बूड खालून पाहायचं असतं, तेव्हा पहिला त्रिकोण 13-1-2 नाही, 13-2-1. शेवटी 14 बिंदू आणि 24 त्रिकोण झाले पाहिजेत. कागद आरतीपूर्वी माझ्याकडे द्या.