गिऱ्हाईक येण्याआधीचा निर्णय
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आपल्या सोसायटीत नोकरदार जास्त, पण हार्डवेअर, स्टेशनरी, इलेक्ट्रिक सामान असे धंदे सांभाळणारी घरंही आता बरीच झाली आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द बोला, असं सेक्रेटरींनी सुचवलं. मी स्वतः दुकान कधी चालवलं नाही. बँकेच्या कर्ज विभागात दुकानदारांच्या कॅश क्रेडिटच्या फायली मात्र वर्षानुवर्षं वाचल्या. एवढाच माझा अधिकार.

मालकाला अक्कल नव्हती म्हणून दुकान बुडालं, असं त्या फायलींत क्वचितच दिसायचं. निर्णयाची वेळ चुकलेली असायची. जुनं गिऱ्हाईक समोर उभं, टेम्पो भरलेला, आणि "शेठ, पैसे पुढच्या महिन्यात." अशा वेळी नाही कोण म्हणणार? म्हणून कोणाला किती उधार आणि किती दिवस, हे शटर खाली असताना वहीत लिहून ठेवावं. मग वाईटपणा वहीकडे जातो, आपल्याकडे येत नाही.

शंभराच्या विक्रीत दहा रुपये सुटत असतील, तर एक लाखाच्या खरेदीचा माल बुडाल्यावर तो भरून काढायला दहा लाखांची विक्री लागते. पाच टक्के सूट दिली तर नफा निम्म्यावर येतो. पूर्वीइतकेच पैसे सुटायला माल दुप्पट खपवा! घासाघीस चालू असताना हे गणित कोणाला सुचत नाही.

एक हार्डवेअरवाले होते. एका बांधकामवाल्याकडे त्यांचे अकरा लाख अडकले होते. माल थांबवला तर जुने पैसेही जातील, या भीतीने ते नवा माल देतच राहिले. राहतं घर बँकेकडे तारण. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात दुकानाचं कर्ज म्हणजे मालकाचंच कर्ज. वहिनी हिशेब बघायच्या. त्यांनी एके रात्री ठरवलं की जुन्यातले जेवढे येतील, त्याच्या निम्म्याचाच माल द्यायचा. दुसरं म्हणजे, येणं बाकीच्या पत्रावर त्या माणसाची सही घेतली. उधारीच्या मालाचे पैसे कोर्टात मागायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. मुदतीच्या आत बाकी लेखी कबूल करून घेतली की ती नव्याने मोजली जाते. तीन लाख शेवटपर्यंत आले नाहीत. घर वाचलं. शेठजी वर्षभर वहिनींवर रुसलेले होते, ते वेगळं.

बँक जसा हिशेब धरते, तसा आपणही धरावा. माल दहा लाखांचा, त्यातले दोन लाख पुरवठादारांचे द्यायचे, उरले आठ. पंचवीस टक्के मार्जिन वजा केलं की सहा लाखच उचलता येतात. नव्वद दिवसांपलीकडची येणी तर बँक साधारणपणे धरतच नाही. दुकानदार मात्र ती मनात धरून नवी खरेदी करतो.

आणखी एक सवय. मोठी खरेदी किंवा मोठी उधारी केली, की "का केली" हे त्याच दिवशी दोन ओळींत लिहावं. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजण्याआधी त्या ओळी वाचाव्यात. नशिबाने जमलेला सौदा आणि विचाराने जमलेला सौदा तेव्हा वेगळे ओळखू येतात. नुसता नफा बघितला तर दोन्ही सारखेच दिसतात.

कोणाला आपलं स्टॉक स्टेटमेंट दाखवायचं असेल, त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे यावं. चहा मिळेल. जामीन मात्र राहणार नाही.